जुन्या कारखान्यात सुतारकाम शिकण्याने फरक पडतो का? (फिस्कार्स, फिनलंड)

प्रश्न: हेलसिंकीच्या पश्चिमेला असलेल्या फिस्कार्स गावात १६४९ साली लोखंडाचा कारखाना उभा राहिला आणि पुढे उत्पादन बरेचसे इतरत्र हलल्यावर, १९९०च्या दशकात, रिकाम्या इमारतींत फर्निचर घडवणारे कारागीर व कलावंत येऊन वसले. मी अंतर्गत सजावट शिकले आहे, परंतु लाकडाला फारसा हात लावलेला नाही. अशा वास्तूत कार्यशाळा करण्याचा काही उपयोग आहे, की ते केवळ छायाचित्रांपुरते आकर्षण आहे?

प्रतिसाद: उपयोग आहे, मात्र तो विटांच्या भिंतींमुळे नव्हे. यंत्रांसाठी बांधलेल्या इमारतींची जमीन सहसा भक्कम, छत उंच आणि खिडक्या मोठ्या असतात. त्यामुळे लांब फळी फिरवायला जागा मिळते आणि रंधा मारलेल्या पृष्ठभागावरचा उंचसखलपणा तिरप्या उजेडात लगेच दिसतो. अडचण हवेची आहे. हिवाळ्यात तापवलेल्या खोलीतील हवा कोरडी पडते, लाकूड रेषांना आडव्या दिशेने आकसते आणि सांध्यात त्यासाठी वाव सोडला नसेल तर रुंद फळी तडकू शकते. पहिल्या खेपेस स्टुलापेक्षा मोठे काही हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद: धूळ शोषणारी यंत्रणा आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. ओक, बीच यांसारख्या लाकडांची धूळ कर्करोगकारक मानली जाते आणि छत उंच असले म्हणून ती आपोआप निघून जात नाही.