तंबाखूचा आणि चहाचा अर्क घरी काढून व्हेपमध्ये वापरावा का?

आगरकर, गुहागर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४६, घरचे नारळ-सुपारीचे आगर आहे आणि गेली २२ वर्षे मी चुना लावून तंबाखू खातो. दोन महिन्यांपूर्वी डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागला. तिखट खाल्ले की तिथे झोंबते. त्या दिवसापासून तंबाखू तोंडात धरायची नाही असे मनाशी ठरवले आहे, पण सकाळी शिंपण्याला पाणी लावून झाले की हात आपोआप चंचीकडे जातो, आणि दुपारनंतर डोके इतके भणभणते की घरच्यांवर उगाच ओरडणे होते.

मे महिन्यात पुतण्या मस्कतहून आला होता. जाताना तो आपले व्हेपचे यंत्र (म्हणजे द्रव तापवून ओढण्याची ई-सिगारेट) आणि दोन रिकाम्या कुप्या इथेच ठेवून गेला. त्याने सांगितले की परदेशात हौशी लोक बाजारचा द्रव न घेता तंबाखूचे पान ग्लिसरीनमध्ये भिजवतात, गाळतात आणि तोच अर्क यंत्रात भरतात. त्यात कृत्रिम काही नसल्यामुळे तो निर्धोक असतो. माझ्याकडे निपाणीकडच्या नातेवाइकांनी दिलेले वाळवलेले पान होतेच. औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणले आणि काचेच्या बरणीत भिजत घातले. आज नववा दिवस आहे. द्रव काकवीसारखा काळसर झाला आहे आणि झाकण उघडले की गोडसर, उग्र वास येतो. दुसऱ्या बरणीत चहाची पूड आणि परसातला गवती चहा असाच भिजवला आहे.

अजून ओढून पाहिलेले नाही, म्हणून आधी विचारतो. दुहेरी फडक्यातून गाळले तर पुरेल का? तंबाखूऐवजी नुसत्या चहाचा अर्क वापरला, तर निकोटिनही नाही आणि हाताची सवयही भागेल, हे बरोबर आहे का? शिवाय दोन्ही वस्तू झाडाच्याच असल्यामुळे तोंडात तंबाखू धरण्यापेक्षा हे कमी घातक असेल, असे मला वाटते. जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

कलमवाला, देवगड

आगरकर, पहिली विनंती ही की ती बरणी आजच कुलपात ठेवा, आणि हाताला लागली असेल तर साबणाने हात धुवा. असे का म्हणतो ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी मोहरावर तुडतुडे फार पडले होते. औषधाचा खर्च वाचावा म्हणून मी तंबाखूचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवला, सकाळी उकळला, साबणाचे पाणी घातले आणि पाठीवरच्या पंपाने फवारायला निघालो. जुन्या लोकांचा हा ओळखीचा उपाय आहे. पंपाचे झाकण नीट बसलेले नव्हते आणि काढा थेंबथेंब गळून सदरा पाठीला चिकटला, तरी घामच असेल असे समजून मी काम चालू ठेवले. अर्ध्या तासात तोंडाला पाणी सुटले, दरदरून घाम आला, उलट्या सुरू झाल्या आणि पाय असे थरथरू लागले की कलमाच्या बुंध्याला धरून बसावे लागले. गड्याने सदरा काढून विहिरीच्या पाण्याने पाठ धुतली आणि रुग्णालयात नेले. रात्रभर सलाइन लावून नाडीवर लक्ष ठेवले होते. मी जन्मात कधी तंबाखू खाल्लेली नाही. जे अंगात गेले ते कातडीतून गेले.

तुम्ही खाणारे आहात म्हणून तुम्हाला ‘तंबाखू लागणे’ माहीत असेलच. चिमूट जास्त झाली की डोके गरगरते आणि माणूस थुंकून टाकतो. बरणीतल्या द्रवाला अशी चिमूट नसते. किती गेले ते कळायच्या आत ते गेलेले असते. आणि झाडाचे आहे म्हणून निर्धोक, हा विचार सोडून द्या. तंबाखूचे झाड निकोटिन तयार करते तेच मुळी पान खाणाऱ्या किडीला मारण्यासाठी.

निवृत्त रसायन शिक्षिका, चिपळूण

आगरकर, आपण ओढण्याआधी विचारलेत याचे मला फार बरे वाटले. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अर्क काढताना द्रावक, म्हणजे इथे ग्लिसरीन, आपल्याला हवे तेवढेच उचलत नाही. जे जे त्यात विरघळते ते सगळे उचलतो. चहा गाळणीने गाळला म्हणून त्याचा रंग आणि तुरटपणा चोथ्याबरोबर मागे राहत नाही, तसेच इथेही आहे. फडके, कापूस, गाळणकागद यांनी पानाचे कण अडतील, पण विरघळलेले काहीही अडणार नाही. आपल्या बरणीतला द्रव काकवीसारखा दिसतो, कारण त्यात पानातली साखर, रंगद्रव्ये आणि इतर बरेच काही उतरले आहे. त्यातच पान वाळवताना आणि मुरवताना तयार होणारी नायट्रोसामाइन नावाची द्रव्येही आहेत. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके या दोन द्रव्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ज्या चट्ट्याच्या भीतीने आपण तंबाखू तोंडातून काढली, त्या भीतीचे कारण अर्काबरोबर यंत्रात गेलेलेच असते.

आता यंत्राचा भाग. आत तारेचे छोटे वेटोळे असते आणि त्याला लागून द्रव शोषणारा कापूस असतो. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू सुमारे २९० अंश सेल्सिअस आहे. साखर त्याच्या पुष्कळ आधी करपते. गुऱ्हाळात कढईच्या तळाला काकवी लागली की जी काळी खरपुडी धरते, तीच इथे तारेवर धरते. घरचा तंबाखूचा अर्क वापरणाऱ्या परदेशी हौशी लोकांना वेटोळे वरचेवर बदलावे लागते ते यामुळेच. खरपुडी धरली की कापूस कोरडा पडतो, तापमान आणखी चढते आणि खुद्द ग्लिसरीन फुटून अ‍ॅक्रोलिन तयार होते. कढईतले तेल जास्त तापून धुरावले की डोळ्यांतून पाणी काढणारा जो उग्र वास येतो, त्यात अ‍ॅक्रोलिनच असते. स्वयंपाकघरात आपण खिडकी उघडतो. इथे तो धूर मुद्दाम छातीत घ्यायचा असतो.

मात्रेचा हिशेबही पाहा. वाळलेल्या तंबाखूच्या पानात निकोटिन साधारण १ ते ३ टक्के असते आणि काही वाणांत त्याहूनही जास्त असते. म्हणजे १०० ग्रॅम पानात एक ते तीन ग्रॅम. लहान मुलाने अशा अर्काचे थोडे घोट घेतले तरी जिवावर बेतू शकते, आणि वास गोडसर असल्यामुळे ते घेईलही. शिवाय घरच्या बरणीत त्यातले नेमके किती उतरले, हे मोजायला आपल्याकडे काहीही साधन नाही.

ग्लिसरीनविषयीही सांगायला हवे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले, १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाला चौकशी करावी लागली. हातापायांच्या भेगांना लावण्याची बाटली श्वासातून घेण्यासाठी तपासलेली नसते, हे त्या प्रकरणानंतर तरी आपण मराठी माणसांनी विसरू नये.

चहाच्या अर्कात निकोटिन नाही, हे खरे आहे. पण त्यातही शर्करा, टॅनिन आणि कॅफिन आहे, म्हणजे तारेवर करपण्याची अडचण तीच. गवती चहाला जो सुवास आहे तो त्याच्या तेलाचा आहे, आणि तेल हा तर फुफ्फुसाचा वैरी. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या तीव्र आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले होते किंवा मरण पावले होते. त्यांत ६८ मृत्यू निश्चित झाले होते. त्या आजाराशी सर्वांत घट्ट संबंध जुळला तो जीवनसत्त्व ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थाचा. हाच पदार्थ गोळ्यांमधून पोटात जातो आणि मलमांमधून त्वचेवर लागतो, तेव्हा सहसा काही बिघडत नाही. पोटात गेलेल्या वस्तूला आतडे आहे, पुढे यकृत आहे. ती पचते, मोडते, बाहेर पडते. फुफ्फुसातल्या वायुकोशांची भिंत अतिशय पातळ असते, तिथे ना गाळणी आहे ना पचन. म्हणून ‘पिता येते ते ओढता येते’ हे गृहीतकच चुकीचे आहे.

आगरकर, गुहागर

ताई, आपण काकवीचे उदाहरण दिलेत आणि लगेच पटले. आमच्या आजोळी गुऱ्हाळ होते, ती खरपुडी मी कालथ्याने खरवडलेली आहे. एकच विचारतो. सर्दी झाली की आई गवती चहा आणि तुळस घालून वाफारा देत असे. मग वाफ चालते आणि हे चालत नाही, यात फरक कोणता?

निवृत्त रसायन शिक्षिका, चिपळूण

प्रश्न योग्य आहे. वाफाऱ्यात पाणी १०० अंशांना उकळते, पातेल्यातली साखर, रंग, तुरटपणा पातेल्यातच राहतो, आणि वर येते ती पाण्याची वाफ व तिच्यासोबत सुवासाचा अंश. व्हेपच्या यंत्रातून मात्र अर्काचेच बारीक तुषार उडतात. वाफ म्हणतात म्हणून ती वाफ नव्हे. द्रवात जे जे असेल ते थेंबांवर बसून आत जाते. वाफारासुद्धा सर्दीपुरता, आणि पातेले लहान मुलांपासून दूर ठेवून घ्यावा. गवती चहाची खरी जागा पेल्यात आहे: चार पाती, आल्याचा तुकडा, हवा तर गूळ.

कायद्याचा अभ्यासक, सावंतवाडी

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. व्याख्येत निकोटिन असलेले आणि नसलेले, असे दोन्ही पदार्थ येतात. म्हणून ‘माझ्यात फक्त चहा आहे’ हे उत्तर तिथे टिकत नाही. उत्पादन, आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नुसत्या ओढण्याला कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, परंतु अर्क तयार करून चार मित्रांना देणे म्हणजे थेट बंदीच्या कक्षेत पाऊल टाकणे होय. पुतण्याला पुढच्या वेळी यंत्र आणू नको, असे अवश्य सांगा.

मालवणची सून

आगरकर भाऊ, सगळ्यांनी काय करू नये ते सांगितले; काय करावे ते मी सांगते, कारण आमच्या सासूबाईंची तीस वर्षांची मिश्री आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडवली.

सर्वांत आधी तो चट्टा दंतवैद्यांना किंवा तोंडाच्या शल्यचिकित्सकांना दाखवा. दोन महिने झाले आहेत; आता थांबू नका. गरज वाटली तर ते बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतील. असे चट्टे बहुतेक वेळा कर्करोग नसतात, पण काहींचा पुढे होतो, आणि ते नुसते बघून ठरत नाही.

दुसरे, डोके भणभणते हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. निकोटिन अंगातून उतरताना असेच होते. पहिले तीन-चार दिवस फार कठीण जातात आणि दोन-तीन आठवड्यांत जोर कमी होतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. सासूबाई त्या वेळी खळ्यात जाऊन तांदूळ निवडायला बसत, आणि सूप रिकामे होईपर्यंत तलफ गेलेली असे. २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम औषधाच्या दुकानात मिळते. ते चुइंगमसारखे चघळत राहायचे नसते. चार-सहा वेळा चावून झणझणले की गालात धरून ठेवायचे, झणझण ओसरली की पुन्हा चावायचे. गमच्या आधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा कोकम सरबत घेऊ नका, कारण आंबटपणाने निकोटिन नीट शोषले जात नाही. तंबाखूला चुना लावतात तो याच्या नेमका उलट परिणाम साधण्यासाठी. तुमच्या गालात चट्टा असल्यामुळे मात्र गम घ्यावे की कातडीवर चिकटवायची पट्टी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११२-३५६. सासूबाईंशी तिथल्या समुपदेशक बाई मराठीत बोलल्या, सोडण्याचा दिवस त्यांच्याकडूनच ठरवून घेतला आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी केली. घरच्यांनी शंभरदा सांगून जे झाले नाही ते त्या परक्या बाईंच्या एका प्रश्नाने झाले. त्यांनी विचारले होते, “दिवसातली कोणती मिश्री सोडणे तुम्हाला सर्वांत जड जाईल?” सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “पहाटेची.” मग तयारी त्या पहाटेचीच केली.

आगरकर, गुहागर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हातात रबरी मोजे घालून तंबाखूची बरणी लाकडाच्या भुश्शात ओतली, भुसा जाड पिशवीत बांधला आणि विहिरीपासून व गुरांच्या वाटेपासून लांब, खोल खड्ड्यात पुरला. ओतताना एक थेंब मनगटावर उडाला तेव्हा देवगडच्या भाऊंचा सदरा आठवला आणि काम तसेच टाकून आधी हात धुतला. चहाची बरणीही रिकामी केली. यंत्र मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवले आहे; पुतण्याला फोन करून बंदीचे सांगितले, त्याला हे ठाऊकच नव्हते.

रत्नागिरीला सोमवारी तोंड दाखवायची वेळ मिळाली आहे. दूरध्वनी सेवेवर आज सकाळी बोललो. मलाही तोच प्रश्न विचारला, आणि माझे उत्तर शिंपण्यानंतरची चिमूट हे होते. तेव्हा उद्यापासून पाणी लावायला मुलगा येईल आणि मी त्या वेळात नारळ सोलायला बसेन. चट्ट्याचे काय निघाले ते तपासणीनंतर इथेच लिहीन.