विश्वासांगीकार म्हणताना एक ओळ गिळतो, तरी संडे स्कूल शिकवू का?

रातपाळीवाला

सलाम सगळ्यांना. नागपूरचाच आहे, मिहानमध्ये सपोर्टची नोकरी, शिफ्ट रात्रीची. म्हणजे रविवारी सकाळी साडेसहाला कॅबमधून उतरायचं, अंघोळ करायची आणि डोळे ताणून उपासनेला जाऊन बसायचं. घर आजोबांपासून सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली) झालं, तरुण संघात गिटार वाजवून झाली, सगळं रीतसर.

अडचण अशी आहे की गेली दोनेक वर्षं प्रेषितांचा विश्वासांगीकार (आपण काय मानतो त्याची उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची कबुली) म्हणायला सगळे उभे राहिले की मी पण उभा राहतो, म्हणतो, आणि "शरीराचे पुनरुत्थान" आलं की गप्प. नुसते ओठ हलवतो, पुढची ओळ आली की परत आवाज चालू. देव आहे यात मला शंका नाही, येशूवर प्रेम आहे, पण मेलेलं शरीर उठणार हे रात्रभर कंप्युटरचे लॉग आणि तक्रारींची टिकिटं बघणाऱ्या डोक्यात शिरत नाही. बाबा गेले तेव्हापासून सुरू झालं बहुतेक. जरीपटक्याच्या कब्रस्तानात मूठभर माती टाकली, पाद्री साहेब आशेबद्दल काहीतरी वाचत होते, आणि मला एकदम वाटलं की अरे, हे आपण खरंच मानतो का, की लहानपणापासून पाठ आहे म्हणून?

आता नेमकं झालं असं की संडे स्कूलच्या टीचर पुण्याला गेल्या आणि पाचवी-सहावीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. ईस्टरनंतरचा रविवार, रिकाम्या कबरेचा धडा. एका पोराने मधेच विचारलं, "दादा, तुम्ही हे मानता की शिकवायचं म्हणून शिकवता?" मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगतो. आज बुधवार आहे. ऑफिसात विचारण्यासारखं कोणी नाही, आईला विचारलं तर ती रडेल. काय करू? वर्ग सोडून देऊ का?

प्रभुकृपा_२४

शंका सैतानाकडून येते भाऊ. तीन दिवस उपास धरा, मोबाइल बंद ठेवा. मी केला, महिन्याभरात माझं प्रमोशन झालं. विश्वास ठेवणाऱ्याचं प्रभू कधीच वाईट होऊ देत नाही.

बर्डीचा_भाऊ

बाप्पा, प्रमोशन! म्हणजे ज्याचं झालं नाही त्याचा विश्वास कमी पडला काय?

रातपाळी भाऊ, मी चर्चमधी जाणं सोडून आठ वर्षं झाले, तुले फितवायले नाही आलो, पण एक विचारतो. हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं आहे तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून इकडे आला, शाळा काढल्या, इथले दगड-खनिजं गोळा केले, गोंड लोकायच्या गाण्या-गोष्टी लिहून ठेवल्या. आणि १८६३ मधी टाकळघाटचे जुने दगडी वर्तुळं पाहून परत येतानी बोरीजवळच्या नाल्याले पूर होता, त्यात गेला. देवाचं काम करायले आलेला माणूस ना हा? मग कशाची आशा धरून राह्यले तुम्ही लोक? मी खोडी काढत नाही, खरंच विचारतो.

सदरचे_काका

सलाम. मी शाळेतून रिटायर झालेला मास्तर, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बर्डीच्या भाऊ, प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं ठरलेलं उत्तर मी देणार नाही. ठरलेलं उत्तर म्हणजे, "हिस्लॉप गेले पण वीस वर्षांनी, १८८३ साली, त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं, म्हणजे ते जिवंतच आहेत." आमच्याकडे दफनविधीच्या भाषणात असंच बोलतात, आठवणींच्या रूपाने अमर वगैरे. ऐकायला बरं वाटतं, पण ती ख्रिस्ती आशा नव्हे हो. आठवण ठेवणारे पण जातातच ना. आमची आशा फार उघडीनागडी आहे. येशू खरोखर मेला, खरोखर उठला, आणि त्याने आम्हाला उठवीन म्हटलंय. प्रेषित पौल तर बायबलातल्या त्याच्या पत्रात सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. मधली वाट त्याने ठेवलीच नाही.

आता रातपाळीवाल्या, तुझ्याकडे येतो. हे वाक्य पौलाने कोणाला लिहिलं माहीत आहे? ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. बाराव्या वचनापासून बघ. मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं म्हणणारे लोक त्या मंडळीतच बसलेले होते! बाहेरचे नाही, आतले, तुझ्यासारखे बाप्तिस्मा झालेले. पौल त्यांना त्या पत्रात बंधूच म्हणतो आणि अख्खा लांबलचक अध्याय त्यांच्याशी वाद घालत बसतो. तुझी ओळ गिळणारे दोन हजार वर्षांपूर्वी पण होते. पुढे तो बियाचं उदाहरण देतो, की जे पेरता ते उगवणारं शरीर नव्हे, नुसता दाणा असतो. सरकी हातात घेऊन कापसाचं झाड कसं असेल हे कोणाला सांगता येईल काय? (माझे सासरे काटोलकडचे शेतकरी, त्यांना हा अध्याय माझ्यापेक्षा चांगला कळायचा.)

दुसरी गोष्ट. ३२५ साली नायसिया इथल्या धर्मसभेत जो मतांगीकार (म्हणजे विश्वासांगीकारच) ठरला तो मुळात "आम्ही विश्वास ठेवतो" असा सुरू होतो, आम्ही. तू म्हणतोस तो प्रेषितांचा "मी" वाला आहे, तो बाप्तिस्म्याच्या वेळच्या कबुलीतून आलेला. मला दोन्ही लागतात. ज्या रविवारी माझा "मी" बसकण मारतो त्या रविवारी मी "आम्ही"च्या खांद्यावर हात ठेवून उभा राहतो, शेजारची म्हातारी माझ्या वाटची ओळ म्हणते. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या इथे ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन सीएनआय झालं, मी तेव्हा आठवीत होतो. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी, इतक्या मोठ्या मुद्द्यावर एकमत नव्हतं, शेवटी दोन्ही पद्धती ठेवल्या. पण मतांगीकार कोणी गाळला नाही.

वर्ग सोडू नको.

बर्डीचा_भाऊ

काका, मानलं, गोल-गोल नाही बोलले तुम्ही. पण उठलेल्या येशूले पाचशे लोकायनं पाह्यलं हे पौलच सांगते ना? त्या पाचशेपैकी एकाचं तरी पत्र आहे काय?

सदरचे_काका

नाही, त्यांचं नाही. पण पत्राची वेळ बघ. क्रुसावरच्या घटनेनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेलं, आणि त्यात तो म्हणतो की त्या पाचशेतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे वाचणाऱ्याने जाऊन विचारावं. शिवाय शुभवर्तमानांत कबरेकडे पहिल्यांदा बाया गेल्या असं आहे, आणि त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं कोणी विचारत नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर पहिला साक्षीदार कोणी बाई घेतली नसती असं मला वाटतं. पुरावा म्हणून कोर्टात टिकेल? नाही टिकणार. मला पुरतो.

वॉर्ड_नं_३

उशिरा लिहितेय, ड्युटी होती. मी नर्स आहे, नागपुरातच, आयसीयूला, कुठल्या हॉस्पिटलला ते सोडा.

प्रभुकृपा दादा, राग मानू नका, पण "वाईट होऊ देत नाही" हे वाक्य मी कितीतरी नातेवाइकांच्या तोंडून बेडच्या बाजूला ऐकलंय आणि तीन तासांनी त्याच नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगायचं काम माझ्या वाट्याला आलंय, आणि मग ते आधी देवावर चिडतात, नंतर स्वतःवर, की आपली प्रार्थना कमी पडली. ही आशा नाही हो, हा सौदा आहे. बायबलमध्ये ८८वं स्तोत्र आहे, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीला पण उजेड नाही, आणि तरी कोणी ते काढून टाकलं नाही. रात्री तीनला कधीकधी मला तेच एक वाचवतं, बाकी काही वाचलं तर खोटं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं माहीत असेल. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, आणि १९२१ ला एकुलती मुलगी मनोरमा पण गेली. त्यानंतर जे काही महिने त्या जगल्या त्यात केडगावला बसून मराठी बायबलच्या भाषांतराचं शेवटचं काम करत होत्या, एप्रिल १९२२ ला गेल्या. मला नेहमी वाटतं की पुनरुत्थानाची ती वचनं तपासताना त्यांना काय झालं असेल. रडल्या असतील. रडणं मना नाहीये, मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू पण रडला, आणि आपण त्याला उठवणार हे तर येशूला माहीत होतं.

रातपाळीवाले दादा, मला तर असं वाटतं की तुमचा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि बाबांचा जास्त आहे. चुकत असेन तर सोडून द्या. मी पण रातपाळीवालीच, झोप नीट झाली नाही की माझा विश्वास पहिला झोपतो, म्हणून शनिवारची रात्र तरी बदलून मिळते का बघा. आणि पोरांना येशूच्या थोमा या शिष्याची गोष्ट सांगा. उठलेला येशू शिष्यांना दिसला त्या पहिल्या रविवारी तो नव्हता, बाकीच्यांनी सांगितलं तर म्हणाला जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय मानणार नाही. पण आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता की! ते आठ दिवस न मानता त्यांच्यासोबत राहिला, आणि कोणी हाकललं नाही त्याला.

प्रभुकृपा_२४

ताई, मी तसं म्हणालो नव्हतो. माझी आई पण आयसीयूलाच होती. असो. प्रार्थनेत आठवण ठेवतो रातपाळी भाऊंची.

रातपाळीवाला

सगळ्यांना सलाम आणि थँक्यू. ताई, चुकलं नाही तुमचं.

रविवारी वर्ग घेतला. त्या पोराला सांगितलं की मी नाही पाहिलं, आणि एक ओळ म्हणताना माझा आवाज जातो, आणि मी अजून शोधतोय पण सोडून जाणार नाही. मला वाटलं घरी जाऊन सांगतील आणि पाद्री साहेबांचा फोन येईल. अजून तरी आला नाही. मग थोमाची गोष्ट सांगितली, सरकी मिळाली नाही म्हणून आईच्या डब्यातले मुगाचे दाणे नेले होते, प्रत्येकाला दोन-दोन दिले कुंडीत लावायला, त्यातले निम्मे तिथेच खाल्ले कार्ट्यांनी. नंतर उपासनेत ती ओळ आली, या वेळी ओठ पण हलवले नाहीत, नुसता काकांनी सांगितलं तसा बाजूचे काय म्हणतात ते ऐकत उभा राहिलो. बाजूला आई होती. ती ही ओळ इतकी मोठ्याने म्हणते हे मला आजवर माहीतच नव्हतं.

बर्डीच्या भाऊ, कधी सदरकडे आलास तर भेट, तर्री पोहे माझ्याकडून.

आणि काका, एक प्रश्न राहिला. त्याच पोराने विचारलं, पहिल्या रविवारी बाकी सगळे दार लावून आत बसले होते, मग थोमा कुठे गेला होता?

सदरचे_काका

लिहिलेलं नाही बाळा. आमच्या हिचं म्हणणं, घरात दहा माणसं घाबरून बसली असतील तर भाजी आणायला कोणीतरी जाणारच ना.