कोल्हापूरला जावं की बेळगावातच रक्त द्यावं? (किडनी ट्रान्सप्लांट)

खानापूरची_सून | १२ मे २०२१
ह्यांचं ट्रान्सप्लांट २०१९ ला कोल्हापुरात झालं, सासूबाईंनी किडनी दिली. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी चालू आहे. ती रक्तात किती आहे ते बघायला, म्हणजे लेव्हलसाठी, दर महिन्याला तिकडं जातो. आता दोन्हीकडं लॉकडाऊन, येताना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर मागतात. डॉक्टर म्हणतात गर्दीत येऊ नका, फोनवर बोलू. पण लेव्हल तर हवीच. बेळगावात कुठं द्यावं? दोन हजारांच्या वर झेपणार नाही, दुकान बंद आहे.

निपाणीचा_पाटील
गाडी करा आणि सरळ जावा की ओ. परवाच आईला इनोव्हातून नेऊन आणलो. साडेसात हजार गेले, पण एसीत आरामात.

वडगावचा_माग
पाटलांनी दोन हजार वाचलंच नाही वाटतं. वहिनी, माझी फजिती ऐका. गेल्या वर्षी इथंच रक्त दिलो, सवयीनं सकाळची गोळी खाऊन. लेव्हल खोटीच चढून १८ आली! फोनवरच डोस कमी झाला आणि दहा दिवसांत क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं. रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळच्या गोळीआधी द्यायचं. गोळी खिशात ठेवून जावा.

अनगोळचे_आजोबा
लेव्हल-बिव्हल राहू दे. गुळवेलीचा काढा द्या, प्रतिकारशक्ती वाढते. आमच्या घरात सगळे पितात.

मंगळ_गुरु_शनि
आजोबा, हात जोडते, ट्रान्सप्लांटवाल्याला काढा नको. त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबायलाच देतात, नाहीतर शरीर नव्या किडनीवरच उठतं. तुम्ही तीच चेतवायला सांगताय.
माझं ऑपरेशन एप्रिल २०२० ला ठरलेलं, आई देणार होती. कोरोनामुळं पुढं गेलं, तोवर आईला शुगर निघाली. आता आई बाद. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. शेजारच्या बेडवरचे काका दोन आठवडे दिसले नाहीत, सिस्टरला विचारायचं धाडस होत नाही.

अनगोळचे_आजोबा
काढ्यानं कुणी मेलेलं मी बघितलेलं नाही.

सीमावासी_८६५
आपण महाराष्ट्रात असतो तर मधे नाकाच नसता! १९५६ पासून हेच चाललंय.

निपाणीचा_पाटील
नाका माझ्या दारातच आहे, मला सांगू नका. आणि वहिनी, एक महत्त्वाचं, रक्त गोळीच्या आधी द्यायचं बरं का.

वडगावचा_माग
तेच लिहिलो की वर.

शहापूर_मेडिकल
दुकानदार म्हणून सांगतो. टॅक्रोलिमसचा ब्रँड मनानं बदलू नका. मिळत नाही म्हणून दुसरा घेतला तर डॉक्टरांना कळवा, लेव्हल परत बघावी लागते. महिन्याभराचा साठा ठेवा. लेव्हल शक्यतो त्याच लॅबची, मशीन बदललं की आकडा बदलतो. पपनस घरात आणू नका, त्यानं लेव्हल चढते. आणि घरातल्यांनी आधी लस घ्या. पेशंटलाही द्यायचीच, पण ह्या गोळ्यांवर अँटिबॉडी कमी तयार होतात. लॅब तीच हवी, म्हणून बेळगावात देण्यापेक्षा पाटील म्हणतात तसं जाऊनच या.

खानापूरची_सून | १९ मे २०२१
सगळ्यांचे आभार. गाडी केली नाही, बेळगावलाही गेलो नाही. डॉक्टरांना विचारून नुसतं रक्त पाठवलं. सकाळी आठला, गोळीआधी, ओळखीच्या सिस्टरनी घरी येऊन जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतलं. चिकटपट्टीवर नाव आणि रात्रीच्या गोळीची व रक्त घेतल्याची, दोन्ही वेळा लिहिल्या. बाटली थर्मासात, थर्मास कोल्हापूरला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी. नेहमीच्या लॅबचा मुलगा मार्केट यार्डात येऊन घेऊन गेला. टेम्पोवाल्याला चारशे दिले. लेव्हल ६.४, डोस तोच.
सासूबाईंना लसीचा पहिला डोस मिळाला. काढा त्या अजून करतात. ह्यांच्या वाटणीचा मी पिते.

निपाणीचा_पाटील
त्या टेम्पोवाल्याचा नंबर द्या की ओ. आमची इनोव्हा गॅरेजात आहे.