नातवंड झालं तरी ताठा तसाच

वरती कोणीतरी लिहिलंय की बापाचा ताठा वरवरचा असतो, नातवंड झालं की आपोआप निवळतो. आमच्या रावेरच्या मामांचा तरी नाही निवळला. पोरीने मनाने लग्न केलं तेव्हापासून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा) तिला बोलावणं नाही, मामी सांजोऱ्यांचा डबा गुपचूप पोराच्या हाती पाठवते, मामांना सगळं दिसतं पण विचारत नाहीत (विचारलं तर बोलावं लागेल ना!).

निरोप गेला तो थेट हक्कसोडीच्या (जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या) सहीसाठी, कारण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत पोरीलापण पोराइतकाच हिस्सा आहे अन् केळीचं वावर एकट्या पोराच्या नावावर करायचं होतं. तिने सही दिली नाही, आता डबा नेणारा भाऊपण बोलत नाही, आणि मामा म्हणतात बघा, मी सांगितलंच होतं.