अनुभव धागा: जुन्या गाडीचं अडकलेलं स्टिअरिंग लॉक

धागाकर्ता: मारुती 800, झेन, एस्टीम, जुनी सँट्रो. मुंबईतल्या सोसायट्यांत अशा गाड्या अजून आहेत. चावी आत जाते पण फिरत नाही आणि स्टिअरिंग जागचं हलत नाही, अशा वेळी नेमकं काय करायचं? जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, कृती हवी.

पाली हिल: आधी जोर लावणं थांबवा. चावी काढून स्टिअरिंग जरा फिरलं की स्प्रिंगवरची पिन कॉलमच्या (स्टिअरिंगखालच्या नळीच्या) दांड्यातल्या खाचेत बसते. चाकं वळवून फुटपाथला टेकवली असतील, तर टायरचा पीळ स्टिअरिंगवर येतो आणि पिन खाचेच्या कडेवर आवळली जाते. बहुतेक वेळा कुलूप धडधाकट असतं, पिनवर फक्त भार असतो. तो उतरवायचा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना दाबून पाहा. एकीकडे ठाम अडेल, दुसरीकडे थोडं लवेल. लवतं त्या बाजूला धरून ठेवा आणि त्याच वेळी दोन बोटांनी चावी फिरवा. पक्कड लावलीत तर चावी आतच तुटेल.

आमच्याकडच्या चढउतारांवर हे हमखास होतं. म्हणून आधी हँडब्रेक ओढा, गाडी त्यावर टेकू द्या, मग चावी काढा.

माहीम: बॅटरी उतरल्यामुळेही लॉक होतं का?

पाली हिल: नाही हो. या गाड्यांत सगळं यांत्रिक आहे, बॅटरी मेलेली असली तरी चावीने पिन सुटते. चावी ऑनवर जाते, दिवे लागतात आणि तरी स्टिअरिंग जड, तर लॉकचा संबंध नाही. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असताना ते जड लागणारच.

दादर, चावीचं काम: भार उतरवूनही फिरत नसेल तर स्पेअर चावी लावा. आतल्या पितळी पट्ट्या चावीच्या दात्यांप्रमाणे एका पातळीत आल्या तरच कुलूप फिरतं, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने दाते घासतात. घासलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली की झीजही जशीच्या तशी उतरते. कमी वापरलेली मूळ चावी किंवा तिचा कोड नंबर आणा. आरसी बुक सोबत हवंच, मालकी पाहिल्याशिवाय चावी करून देऊ नये.

खाऱ्या दमट हवेत पट्ट्या चिकटतात. चिमूटभर ग्रॅफाइट पावडर फुंकून चावी आतबाहेर करा. इंजिन ऑइल नको, त्यात धूळ बसते. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र झाले तर आत चिखलच होतो.

कुर्ला, गॅरेज: लॉक बदलायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा (बहुतेक 10 नंबर पाना), कॉलमखालचं कव्हर आणि कपलर (तारांचा जोड) काढा. खरी मेहनत पुढे. लॉक कॉलमवर धरणाऱ्या क्लॅम्पचे दोन बोल्ट बिनडोक्याचे असतात, कारण बसवतानाच डोकं तुटेपर्यंत आवळलेले असतात. सेंटर पंच (टोकदार पोलादी खिळा) बोल्टच्या कडेला तिरका धरून हातोडीने डावीकडे ठोकत फिरवा. नाहीच हलले तर ड्रिल करून एक्स्ट्रॅक्टर (भोकात रुतून बोल्ट उलटा फिरवणारं हत्यार) लावा.

नवं लॉक लावताना चावी एसीसीवर (ऑनच्या आधीच्या खुणेवर) ठेवा, म्हणजे पिन आत राहते. बोल्ट हलके लावून तपासा: एसीसीवर स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत मोकळं फिरलं पाहिजे, चावी काढल्यावर पिन बसली पाहिजे. मगच नवे बोल्ट डोकी तुटेपर्यंत आवळा. साधे बोल्ट लावलेत तर चोराला पाना पुरेल.

आमच्या सी.एस.टी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जुना माल घेताना चावीसकट घ्या, कपलर जुळवून पाहा. नुसती पिन कापून देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. कापलेल्या लॉकला चोरीपासून काहीच आडकाठी उरत नाही.

चेंबूर: दोरीने ओढताना चावी एसीसी किंवा ऑनवरच ठेवा, बाहेर काढलीत तर पहिल्याच वळणावर लॉक बसेल. इंजिन बंद असल्याने ब्रेकलाही नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. त्यामुळे वेग कमी ठेवा आणि दोरी ताठ.