मदत हवी आहे: फिरत्या चकतीकडे ओढली जाणारी हवा मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

सपाट चकती गरगर फिरली की तिला चिकटलेली हवा कडेकडे फेकली जाते आणि तिची जागा घ्यायला समोरची हवा आत येते. पाती नाहीत, तरी पंप! भाचीला बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ही आत येणारी हवा मोजायची आहे.

ॲक्रिलिकची 12 सेंमी व्यासाची चकती उभी बसवलीय, मोटर 3000 आरपीएमपर्यंत जाते. शास्त्रज्ञ फॉन कार्मानने 1921 मध्ये याचं गणित मांडलं, कॉक्रनने 1934 मध्ये त्यातले आकडे सुधारले. त्यानुसार आत येणाऱ्या हवेचा वेग = 0.884 × √(हवेची गतिज श्यानता, म्हणजे चिकटपणा भागिले घनता × चकतीचा कोनीय वेग). म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला जेमतेम 6 सेंमी, 750 ला 3. भाचीला नेमकं हे वर्गमूळच दाखवायचंय, त्यामुळे या दोन वेगांचं गुणोत्तर नीट आलं तरी पुरे.

पंख्याचा ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) एवढ्याशा वाऱ्यावर हलतच नाही. दाबावरून वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं तर नावच नको, दाब 0.002 पास्कल! उदबत्तीचा धूर स्वतःच्या उष्णतेनेच याहून जोरात वर पळतो. गंमत म्हणजे कडेला शिवणाचा दोरा धरला तर ताठ बाहेर उडतो, समोर वीतभर अंतरावर धरला की ढिम्म. समोर नरसाळं लावून हवा बारीक नळीतून घ्या, वेग वाढेल, असं सरांचं म्हणणं. पण मग तो मोकळ्या चकतीचा प्रवाह राहतो का? हॉट वायर (तापलेल्या तारेने वारा मोजणारं यंत्र) कॉलेजात नाही, बजेट हजारभर.

प्रतिसाद १: नरसाळं नको, अडथळा आला की प्रवाहच बदलतो. धूर सलाईनच्या लांब नळीतून हळूच सोडा, वाटेत गार होतो. नळी चकतीला समांतर धरा, तोंड चकतीकडे नको, नाहीतर फुंकर मोजाल. चकती उभी आहे हे उत्तम: धूर वर जावो की खाली, फक्त चकतीकडे आडवं सरकणं मोजायचं. मागे काळा कागद आणि मोजपट्टी. स्लो मोशनही नको, 30 फ्रेमच्या व्हिडिओत फ्रेममागे 2 मिमी सरकेल. मात्र अक्षाजवळ, चकतीपासून एक-दीड सेंमीवरच मोजा. ते सूत्र अनंत मोठ्या चकतीचं आहे, वीतभर लांब ही ओढ उरतच नाही.

धागाकर्ता: आभार! मोटरच्या मागच्या कूलिंग फॅनचा वारा पुढे येत असेल का? मध्ये पुठ्ठा लावला तर चालेल?

प्रतिसाद १: लावाच, पण चकतीच्या कडेपासून चांगला मागे. आणि चकती बंद ठेवूनही एक व्हिडिओ घ्या, खोलीतला वारा वजा करायला लागेल.