मदत हवी आहे: शेवटचा 'न' नेमका कुठे लावायचा?

अर्धविराम
दोन महिन्यांपासून मी छंद म्हणून ही भाषा शिकत आहे. नियम मोजकेच असल्यामुळे सुरुवात भराभर झाली, परंतु आता शब्दाच्या शेवटच्या 'न'ने मला अगदी मेटाकुटीला आणले आहे. कर्माला 'न' लावावा असे पुस्तकात म्हटले आहे आणि मी तसाच लावतो, तरीही निम्मी वाक्ये चूक ठरतात. कृपया सरळ नियम सांगावा. चिकाटीवरचे प्रवचन नको.

शंकासुर
आपण भाषेचे नावच लिहिलेले नाही. चूक ठरलेली वाक्येही जशीच्या तशी द्यावीत, अन्यथा आम्ही केवळ तर्क करत बसू.

मितभाषी
भाषा कोणतीही असो, ती सोडून टोकी पोना घ्यावी, असे मी सुचवेन. सोन्या लँग यांनी 2001 मध्ये मांडलेल्या या भाषेत सुमारे 120 शब्द आहेत आणि विभक्तिप्रत्यय मुळीच नाहीत.

शंकासुर
प्रत्यय नसले तरी कर्म ओळखण्याची खूण तिथेही आहेच. 'मी मोकू ए किली', म्हणजे 'मी फळ खातो', यातला 'ए' कर्म येत असल्याचेच सांगतो. शिवाय धागाकर्त्याने भाषा बदलण्याविषयी काहीही विचारलेले नाही.

अर्धविराम
क्षमस्व, भाषा एस्पेरांतो आहे, झामेनहोफ यांनी रचलेली. 'न' म्हटल्यावर ते ओळखता येईल असे मी गृहीत धरले. चूक ठरलेली वाक्ये अशी: 'मी मान्जास पोमो' (मी सफरचंद खातो), 'मी एस्तास इन्स्त्रुइस्तोन' (मी शिक्षक आहे) आणि 'ला कातो कूरास एन ला दोमो' (मांजर धावत घरात शिरते).

जुनी वही
पहिली आणि तिसरी चूक मराठीच्या सवयीतून आलेली दिसते. मराठीत आपण 'वाघाला पाहतो', पण 'सफरचंद खातो'. निर्जीव कर्म बहुधा प्रत्ययाविनाच राहते. एस्पेरांतो असा भेद करत नाही, म्हणून 'पोमोन' हवे. दुसऱ्या वाक्यात 'आहे' हे क्रियापद अकर्मक आहे. 'शिक्षक' हे विधानपूरक असल्यामुळे तिथे 'न' येत नाही. तिसऱ्यात मात्र कर्माचा संबंधच नाही. मांजर आधीपासून घरात असून तिथेच धावत असेल तर 'एन ला दोमो', आणि बाहेरून आत जात असेल तर 'एन ला दोमोन'. आपले 'घरात' दोन्हीकडे सारखेच राहते, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला जाणवत नाही. 'आल' (म्हणजे 'कडे') या शब्दातच दिशा असल्याने त्याच्यानंतर मात्र 'न' लावायचा नसतो. तिथे 'आल ला दोमो' असेच राहते.

सुधारक
याच कटकटी कमी करण्यासाठी 1907 मध्ये इदो ही सुधारित भाषा पुढे आली. तिच्यात कर्म कर्त्याच्या आधी आले तरच 'न' सक्तीचा असतो. झामेनहोफ यांनी 1887 मध्ये मांडलेले सर्व काही जसेच्या तसे कवटाळून बसण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

जुनी वही
कारण आहे. 'ला हुन्दोन मोर्दास ला कातो' या वाक्यात कुत्रा आधी आला तरी चावते मांजरच, आणि 'न'मुळे ते निःसंशय कळते. 'कुत्र्याला मांजर चावले' असे सहज म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही मोकळीक जाच वाटावी, याचेच मला आश्चर्य वाटते.

सुधारक
पण आपण दिलेल्या वाक्यात कर्म आधीच आले आहे, म्हणजे तिथे इदोतही 'न' लागेल! माझा आक्षेप फक्त नेहमीच्या क्रमातल्या 'न'ला आहे.

मितभाषी
अवांतराबद्दल क्षमा असावी, पण टोकी पोना आणि एस्पेरांतो या दोन्हींत 'मी' म्हणजे मीच, ही गोष्ट मराठी शिकणाऱ्याला फार सुखावते.

अर्धविराम
घराचे उदाहरण वाचल्यावर गुंता सुटला. आता स्वतः रचलेले एक वाक्य देतो: 'मी विदास ग्रान्दा हुन्दोन', म्हणजे 'मी मोठा कुत्रा पाहतो'. हे तरी बरोबर आहे ना?

जुनी वही
जवळजवळ. विशेषणालाही 'न' लागतो: 'ग्रान्दान हुन्दोन'.